डेव्हिडला कुणी मारलं? : 'विंग्ज'च्या शेवटाविषयी

मागच्या महिन्यात वस्तीतल्या वाचनालयात पोरांनी भिंतीवर चादर ताणून 'विंग्ज' दाखवला. १९२७ सालचा अमेरिकेतला मूकपट, पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांचा. सिनेमा संपल्यावर जो वाद पेटला तो रात्री बारापर्यंत चालला आणि त्यात मी एकटा पडलो. सकाळची पाळी होती म्हणून अर्ध्यावर उठून आलो. उरलेला वाद इथं घालतोय. ज्यांनी त्या रात्री मला वेड्यात काढलं त्यांनी हे वाचावं आणि जमलं तर उत्तर लिहावं. नुसतं टपरीवर बोलू नये.

आधीच सांगतो, सिनेमा कसा बघायचा याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो, मिळेल ते वाचतो, मिळेल ते बघतो. टीकाकारांचे शब्द माझ्याकडं नाहीत. डोळे आहेत.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या एका लहान गावातली दोन पोरं. जॅक साध्या घरातला, डेव्हिड गावातल्या श्रीमंताचा. दोघांचं प्रेम सिल्व्हियावर, सिल्व्हियाचं डेव्हिडवर, आणि जॅकला वाटतं आपल्यावर. शेजारची मेरी जॅकवर जीव टाकते, त्याला पत्ता नाही. १९१७ साली अमेरिका लढाईत उतरते. दोघं विमानदलात जातात, आधी एकमेकांना ठोसे मारतात, मग जिवाभावाचे दोस्त होतात. मेरीसुद्धा गाडी चालवायला फ्रान्सला येते. सप्टेंबर १९१८, सेंट मिहिएलच्या मोठ्या हल्ल्याच्या तोंडावर दोस्तांचं भांडण होतं. जॅकच्या लॉकेटात सिल्व्हियाचा फोटो. फोटोच्या मागं तिनं डेव्हिडच्या नावानं लिहिलेलं. ते जॅकला दिसू नये, त्याचं मन मोडू नये, म्हणून डेव्हिड फोटो फाडून टाकतो. जॅकला वाटतं, जळतोय साला. तेवढ्यात हुकूम येतो आणि दोघं एकमेकांशी न बोलता उडतात.

त्या उड्डाणात डेव्हिडचं विमान पडतं, तेही जर्मनांच्या मुलखात. इकडं बातमी येते, मेला. पण तो मेलेला नसतो. जखमी अंगानं लपतछपत जर्मनांच्या तळावर पोचतो, त्यांचंच एक विमान पळवतो आणि आपल्या बाजूला निघतो. तिकडं जॅकच्या अंगात सूड शिरलेला. दिसेल त्या जर्मनावर गोळ्या झाडत सुटलेला. परतताना त्याला एकटंच एक जर्मन विमान दिसतं.

इथून पुढचा अर्धा तास म्हणजे माझा विषय.

डेव्हिडला जॅकचं विमान ओळखू येतं. येणारच. जॅकच्या विमानावर तुटता तारा काढलेला असतो. ही खूण गावाकडची आहे. लढाईला जायच्या आधी जॅकनं जी मोटार जोडली होती तिच्यावर मेरीनं स्वतःच्या हातानं तो तारा रंगवला होता, त्याच नावानं गाडीचं बारसं झालं होतं. म्हणजे डेव्हिडला नुसतं 'आपलं विमान' दिसत नाही, त्याला जॅक दिसतो. तो हात हलवतो, ओरडतो, मी आहे रे, मी डेव्हिड. जॅकला काय दिसतं? पंखावरचा काळा क्रूस. जर्मनांची खूण. तो मागं लागतो आणि गोळ्या घालतो.

मूकपट आहे म्हणून ही जागा अशी लागते. बोलपट असता तर दिग्दर्शकानं आपल्याला डेव्हिडचा आवाज ऐकवला असता आणि मग मनात आलं असतं, एवढं आपल्याला ऐकू येतंय तर त्या जॅकला कसं येत नाही? इथं कुणालाच काही ऐकू येत नाही. डेव्हिडचं तोंड उघडतं, मिटतं. पाटी येते, ती आपण वाचतो. जॅकसाठी पाटी नाही.

माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत सांचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते आलेच. सांच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचायची, हातानं खुणा करायची. सवय अशी की म्हातारपणी घरातसुद्धा आजोबा बोलताना हात हलवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचे. आम्ही हसायचो. चादरीवर डेव्हिड ओरडायला लागला तेव्हा मला ते आठवले. मशिनच्या आवाजात माणूस ओळखायचा तर त्याचं तोंड बघावं लागतं. जॅक तोंड बघायच्या भानगडीत पडत नाही. त्याला पंख पुरतो.

आणि तो पंख कशाचा? कापडाचा. त्या काळची विमानं म्हणजे लाकडाची चौकट आणि वर ताणून बसवलेलं कापड, त्याला रोगण लावून कडक केलेलं. बहुतेक तागाचं, म्हणजे लिननचं. लिनन कमी पडायला लागलं तेव्हा अमेरिकेनं सुती कापड वापरायला घेतलं. तुम्हाला वाटेल, ह्याला कापडाशिवाय काही दिसत नाही. पण सिनेमातच बघा. विमान पाडल्यावर जॅक खाली उतरतो कशासाठी? क्रूस रंगवलेलं कापड कापून आठवण म्हणून घेऊन जायला. आत माणूस आहे, जिवंत आहे का मेलाय, हे बघायला तो उतरत नाही. कुठल्या तरी गिरणीत कुणा बाईनं, कुणा पोरानं पाळी भरून विणलेला तो तागा. विणताना त्याच्यावर कुठलीही खूण नव्हती. खूण नंतर रंगवली. त्या रंगासाठी जॅकनं दोस्ताला मारलं आणि तोच रंग तो घरी न्यायला निघाला. सगळ्या सिनेमात मला हे सर्वांत खरं वाटलं.

तिथं एक शेतकरी आहे. फ्रेंच. विमान त्याच्या जागेवर येऊन आदळलंय. तो जॅकजवळ येतो आणि विनवतो, आत माणूस मरतोय, त्याच्याजवळ चला. जॅक जातो, वाकून बघतो. डेव्हिड.

पुढं डेव्हिडच जॅकची समजूत काढतो. मरणारा मारणाऱ्याची. जॅक त्याला कवटाळतो, त्याचं चुंबन घेतो. आमच्यातली काही पोरं इथं हसली, त्यांची मला कीव आली. सबंध सिनेमात दोघांचं प्रेम सिल्व्हियावर असल्याचं सांगितलंय, पण एवढ्या मायेनं तिच्याकडं कुणी बघितलेलं नाही. मग मधेच विमानाचा पंखा दाखवतात. फिरतोय, मंद होतोय, थांबतो. डेव्हिड गेला. आमच्या खात्यात वीज गेली की चात्या अशाच हळूहळू थांबतात आणि अचानक शांतता होते, कानाला ती सोसत नाही. वेलमननं हे कुणाला विचारून केलं नसेल. तो स्वतः त्या लढाईत फ्रान्सच्या बाजूनं विमान चालवून आलेला होता. इंजिन बंद पडल्यावर कानात काय होतं हे त्याला ठाऊक असणार.

इथपर्यंत मी सिनेमाला सलाम करतो. इथं थांबला असता तर वाद झालाच नसता.

पण सिनेमाला घरी जायचं आहे. लढाई संपते. जॅक गावी येतो, केस पिकलेले, मिरवणूक, गर्दी. (त्याच लढाईसाठी १९१७ साली उभी केलेली १११ महार पलटण १९२१ साली मोडून टाकली. मिरवणूक बघताना मला ती आठवली, एवढंच.) मग जॅक डेव्हिडच्या घरी जातो. बाप चाकाच्या खुर्चीत. आई उभी. डेव्हिडनं लहानपणचं एक चिमुकलं खेळण्यातलं अस्वल लढाईवर सोबत नेलेलं असतं, ते जॅक परत आणून देतो. आणि माफी मागतो. आई म्हणते, दोष तुझा नाही, लढाईचा आहे.

ह्या वाक्यावर वाचनालयात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

त्या रात्री मला सांगण्यात आलं की मला आईचं काळीज कळत नाही. कळतं की. त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. आधी ती ताठ आहे, जॅककडं बघू शकत नाही, आणि मग तिच्यातला ताठरपणा हळूहळू जातो. आईनं माफ करावं की करू नये हे सांगणारा मी कोण? माझं भांडण आईशी नाही. ज्यानं तिच्या तोंडी हे घातलं त्याच्याशी आहे. सिनेमात अडीच तासांच्या आसपास एवढी माणसं मरतात, आणि दोष कुणाचा हा प्रश्न एकदाच येतो, तोही सर्वांत शेवटी, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणाला उभं करतात? जिचं पोरगं गेलंय तिला. हुकूम देणारे अधिकारी त्या खोलीत नाहीत. लढाईचा ठराव करणारे नाहीत. तोफा, विमानं बनवून पैसे केलेले नाहीत. मेलेल्याची आई आणि मारणारा पोरगा, दोघंच. दोघांनी एकमेकांचे डोळे पुसायचे आणि प्रकरण मिटवायचं.

'लढाईचा दोष.' लढाई म्हणजे काय पाऊस आहे? आला आणि गेला? १९१४ ते १९१८ या चार वर्षांत ९० लाखांच्या आसपास सैनिक मेले. कुणीतरी सह्या केल्या, कुणीतरी भरतीची पत्रं छापली, कुणीतरी कापडावर क्रूस रंगवला आणि कुणीतरी पोरांना शिकवलं की हा क्रूस दिसला की घोडा दाबायचा, आत कोण आहे ते बघायचं नाही. ह्यातला एकही जण सिनेमाच्या शेवटात येत नाही. कसा येईल? सिनेमा टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ काढला. माणसं, विमानं, रणगाडे अमेरिकन लष्करानं पुरवले. हजारो खरे सैनिक त्यात पळतात, पडतात. ज्याच्या जिवावर तुम्ही लढाई उभी केली त्यालाच शेवटच्या रिळात जाब विचारणार? मग 'लढाई' हे नाव बरं. त्याला चेहरा नाही, पत्ता नाही, ते कोर्टात येत नाही.

आता माझ्या दोस्ताचा मुद्दा. हाच तो मुद्दा ज्याला मला त्या रात्री उत्तर देता आलं नाही. तो कॉलेजात शिकतो, वाचन दांडगं. म्हणाला, १९३६ साली जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं बाबासाहेबांचं भाषण तू पाठ म्हणून दाखवतोस ना? मंडळानं परिषद रद्द केली, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात काय आहे? जात पाळणारा माणूस मुळात दुष्ट म्हणून पाळत नाही, त्याचा धर्म त्याला तसं शिकवतो म्हणून पाळतो, तेव्हा त्या माणसाशी भांडून उपयोग नाही, शास्त्रांचा अधिकार मोडला पाहिजे. मग ती आई वेगळं काय म्हणते? तीही म्हणते, दोष पोराचा नाही, त्याच्या मागं जे आहे त्याचा. बाबासाहेबांचं चालतं आणि बाईचं का चालत नाही?

खरं सांगतो, मी गप्प बसलो. चार दिवस कामावर डोक्यात तेच. तुटलेला धागा सांधताना तेच.

आता उत्तर देतो. बाबासाहेबांनी माणसावरून बोट उचललं ते हवेत फिरवत ठेवलं नाही. ते नेऊन एका ठिकाणी टेकवलं. कुठलं पुस्तक, त्याचा अधिकार कसा चालतो, त्यानं माणसाच्या मनात काय भरलं जातं, हे सांगितलं. आणि पुढची गोष्ट, ते मोडा म्हणाले. तिथं माफी हा शेवट नव्हता, तिथून काम सुरू होत होतं. ऐकणाऱ्याला ते भाषण इतकं महाग वाटलं की परिषदच रद्द झाली! आईच्या वाक्यानं काय रद्द झालं? काही नाही. जॅकच्या मनावरचं ओझं उतरलं आणि तो मेरीला भेटायला मोकळा झाला. सिनेमाला पहिलं ऑस्कर मिळालं, १६ मे १९२९ रोजी. एखाद्या वाक्यानं कुणाचीच झोप उडत नसेल तर ते वाक्य कितीही मोठं वाटो, त्यात दोष कुठं ठेवलाय हे तपासलं पाहिजे. आपल्याकडंही कुणी गोड आवाजात सांगतं, अहो आमचा दोष नाही, ती पूर्वीची रूढी होती. रूढी म्हणे! आणि पाणी भरताना हात कुणाचा आडवा येत होता, रूढीचा?

एवढं झाल्यावर आणखी एक गोष्ट बोलायची राहिली आणि ती मला जास्त टोचते. समजा त्या विमानात डेव्हिड नसता. समजा खरोखरच एखादा जर्मन पोरगा असता, विसेक वर्षांचा, घराकडं निघालेला. तर? जॅकनं कापड कापून घेतलं असतं, खिशात घातलं असतं, विमानात बसून परत गेला असता. गावी आल्यावर ते कापड भिंतीवर लागलं असतं. कुणाची माफी नाही, कुणाच्या आईच्या दारात जाणं नाही, पंखा थांबणं नाही. त्याच अर्ध्या तासात जॅकनं सूडाच्या भरात किती तरी जर्मन मारलेत. ते पडद्यावर मुंग्यांसारखे पडतात आणि पेटलेल्या विमानाच्या ज्वाळा तेवढ्या नारिंगी रंगवून दाखवतात, लोकांनी टाळ्या द्याव्यात म्हणून. त्यांच्याही आया असतील. त्यांच्याही खिशात एखादं अस्वल असेल.

म्हणजे ह्या शेवटात रडू कशाचं आहे? माणूस मारला ह्याचं नाही. आपला माणूस मारला ह्याचं. क्रूसाच्या मागं 'आपला' निघाला म्हणून जॅक कोसळला. सिनेमा दारापर्यंत येतो. एक पाऊल टाकलं असतं तर जॅकला वाटलं असतं, अरे, हा डेव्हिड निघाला, मग मघाशी पाडलेले सगळे कोण होते? तो चेहरा मी शेवटपर्यंत जॅकच्या तोंडावर शोधला. नाही सापडला. दोस्ताच्या प्रेताजवळ नाही आणि गावी मिरवणुकीतही नाही.

मेरीचं काय? क्लारा बोनं हे काम केलंय आणि तिच्यापुढं दोघं नायक लाकडी वाटतात. मेरी पॅरिसमध्ये दारू पिऊन पडलेल्या जॅकला सांभाळायला जाते, त्याच्या खोलीत कपडे बदलताना लष्करी पोलिसांना सापडते आणि बदनाम होऊन घरी पाठवली जाते. केलं काय तिनं? काही नाही. पण तिची कुणी चौकशी केली नाही, जे डोळ्याला दिसलं त्यावर निकाल लावला. हासुद्धा खूण बघून निकाल लावण्याचाच प्रकार. शेवटात कुठल्या अधिकाऱ्यानं तिची दिलगिरी मागितल्याचं दिसत नाही. तिला काय मिळतं? जॅक. रात्री दोघं बसलेत, आकाशात तारा तुटतो, जॅक तिचं चुंबन घेतो, संपलं. जो तारा तिनं रंगवला, जो बघून डेव्हिडनं दोस्त ओळखला आणि ज्याच्याच बंदुकीनं तो मेला, तो तारा पुन्हा प्रेमाची खूण म्हणून वर चढवलाय. एखाद्या वस्तूवर रक्त लागलंय आणि ती पुसून पुन्हा शोकेसमध्ये ठेवावी तसं मला झालं. काही पोरांना हे चुंबन फार आवडलं. आवडू दे.

ह्याच वेलमननं पुढच्याच वर्षी, १९२८ साली, 'द लीजन ऑफ द कंडेम्ड' केला. गोष्ट लिहिणारा पुन्हा तोच जॉन मंक सॉन्डर्स, आणि 'विंग्ज'मधलं उरलेलं चित्रणही त्यात वापरलेलं. त्याची आज एकही प्रत शिल्लक असल्याचं माहीत नाही, तेव्हा बघून बोलता येत नाही. गोष्ट वाचायला मिळते. जगण्याला कंटाळलेले वैमानिक फ्रेंच तुकडीत भरती होतात. हेरांना विमानातून शत्रूच्या मुलखात उतरवायचं काम, कोण जाणार हे पत्ते काढून ठरवायचं. गॅरी कूपरच्या वाट्याला जी हेर येते ती त्याची जुनी प्रेयसी निघते, तीच जिला त्यानं शत्रूच्या माणसासोबत बघून बेइमान ठरवलं होतं. ती बेइमान नव्हती, कामावर होती. पुढं दोघंही पकडले जातात, मरणाची शिक्षा होते आणि ऐन वेळी तुकडीतले सोबती बॉम्ब टाकत येऊन सोडवतात.

बघा, 'विंग्ज'चाच शेवट उलटा करून ठेवलाय. तिथंही माणूस दुसऱ्याची खूण अंगावर घेऊन फिरतो. हेराचं काम म्हणजे दुसरं काय असतं? तिथंही प्रेमाचा माणूस ती खूण बघूनच फसतो. फक्त तिथं वेळेवर ओळख पटते आणि दोघं वाचतात. डेव्हिड हेर नव्हता, पण शत्रूच्या विमानात बसल्याबरोबर त्याची गत हेराची झाली. दोन्ही बाजूंच्या बंदुकांना तो चालण्यासारखा. आपल्यातले जे भाड्याच्या खोलीसाठी आडनाव गिळून दुसरं सांगतात त्यांना हे वेगळं समजवायला नको. माझ्या मामेभावानं असं केलं होतं. खोलीमालकाची भीती होतीच, पण जास्त भीती कशाची, तर आपलाच एखादा दोस्त जिन्यात जोरात 'जयभीम' घालील त्याची. आणि त्या दोस्ताला वाटेल, ह्यानं तोंड फिरवलं, हा माजला. दोघांचंही चुकलेलं नसतं आणि दोस्ती मात्र मरते. लॉकेटातला फोटो डेव्हिडनं का फाडला हे जॅकला कुठं कळलं होतं?

म्हणून मला राहून राहून वाटतं की वेलमनच्या हाताला ह्या दोन सिनेमांत खरी गोष्ट लागली होती. खुणेच्या राज्यात माणसाला माणूस ओळखता येत नाही, ही ती गोष्ट. 'विंग्ज'मध्ये विमानातल्या पाठलागापर्यंत त्यानं ती पक्की धरलीय. त्या पाठलागासाठी माणसानं काय काय केलं! ढग पाहिजेत म्हणून काम थांबवून वाट बघत बसला, कारण मोकळ्या आकाशात विमान हलतंय हेच कळत नाही. नटांना खरोखर विमानात बसवून वर पाठवलं, कॅमेरे विमानावर बांधून. विमानं मुद्दाम आपटायला डिक ग्रेस नावाचा वैमानिक ठेवला होता, त्याची मान मोडली. एवढा जीव ओतलेली गोष्ट शेवटच्या वीस मिनिटांत 'दोष लढाईचा' म्हणून सोडून दिली. हाताला लागलेलं सोडलं म्हणून मला राग येतो. फालतू सिनेमा असता तर मी चार पानं काळी केली नसती.

त्या शेतकऱ्यावर मात्र माझा जीव जडलाय. पडद्यावर तो किती वेळ असेल, थोडा. नाव नाही त्याला. चार वर्षं त्या मुलखात जर्मनांनी धुमाकूळ घातलेला, आणि आता जर्मन क्रूसाचं विमान येऊन त्याच्या जागेवर आदळलंय. तो बंदूक आणत नाही, काठी आणत नाही. आत माणूस मरतोय, चला, एवढंच.

माझा कॉलेजवाला दोस्त म्हणतो, तुझा शेतकरी एवढा मोठा नाही, त्याला डेव्हिडचा गणवेश दिसला असणार, हा आपल्या बाजूचा आहे हे कळलं असणार, म्हणून तो धावला. असेल. मला तसं दिसलं नाही, पण त्या वेळी माझे डोळे भरले होते, मी खात्री देत नाही. तेवढा भाग येत्या रविवारी संध्याकाळी वाचनालयात पुन्हा लावायचा ठरलंय. शेतकरी पहिल्यांदा कुठं बघतो, पंखाकडं, कपड्यांकडं की तोंडाकडं, ते नीट बघायचं. ज्यांना वाद घालायचाय त्यांनी वेळेवर यावं. चादर धुऊन मी आणतो, मागच्या वेळी तिच्यावर चहाचा डाग होता आणि तो नेमका डेव्हिडच्या तोंडावर येत होता.